एक लसणाचा गड्डा, तीन माध्यमे: कृष्णधवल कामाची सुरुवात कशी करावी

शाळेत असताना मी शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही दिल्या होत्या. वस्तुचित्राच्या पेपरात बादली, तांब्या आणि दोन वांगी मी इतक्या बेताने उतरवली की संपूर्ण कागदावर खरा काळा कुठेच नव्हता. त्यानंतर पंचवीसएक वर्षे हातात पेन्सिल धरली नाही. चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा सुरुवात केली ती कृष्णधवल कामापासून, कारण रंग निवडण्याची कटकट नको होती. तेच सोपे पडेल ही माझी समजूत पहिल्या आठवड्यातच खोटी ठरली.

अडचण काळ्याची नव्हती, पांढऱ्याची होती. चारकोलने काढताना पांढरा हा कागदाचाच असतो आणि तो राखावा लागतो. लिनोच्या ठशात, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापतात त्यात, सुरुवातच पूर्ण काळ्याने होते आणि पांढरा कोरून काढावा लागतो. छायाचित्रात तो आधी प्रकाश म्हणून मोजावा लागतो, आणि फिल्म वापरली तर निगेटिव्हवर तो काळा होऊनच उमटतो. हे कोणी आधी सांगितले असते तर माझे सहा महिने वाचले असते. म्हणून खालील क्रम शक्यतो मोडू नका. चारकोल, मग लिनो, मग कॅमेरा. बहुतेक जण कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात, कारण तो खिशातच असतो, आणि मग छटा ओळखण्याचे काम फोनवर सोपवून मोकळे होतात.

१. वस्तू एकच घ्या आणि उजेड एकाच बाजूने येऊ द्या

मी लसणाचा अख्खा गड्डा घेतला, आणि आजही नवख्याला तोच सुचवतो. तो जवळजवळ पांढरा असतो, चकाकत नाही, त्याच्या पाकळ्यांचे फुगवटे उजेड-सावली स्पष्ट दाखवतात आणि सालीवरच्या बारीक शिरा पुढे लिनोसाठी उपयोगी पडतात. पितळी तांब्या आणि स्टीलचा पेला सुरुवातीला टाळा, कारण चकाकत्या भांड्यात खोलीतली खिडकी, पंखा आणि तुम्ही स्वतः दिसता, आणि मग छटा सोडून प्रतिबिंबांचाच हिशेब होत बसतो.

खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. एका खिडकीशेजारी टेबल ठेवा, किंवा एकच टेबललॅम्प डावीकडून थोडा वर धरा. गड्ड्याखाली पांढरा कागद आणि मागे काळे कापड असू द्या. पावसाळ्यात ढगाळ उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो, त्यामुळे खिडकीजवळच्या कामाला तो काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी नऊच्या आत काम उरकावे.

२. साहित्य जमवा, पण सगळे एकदम घेऊ नका

चारकोलसाठी: विलो चारकोलच्या काड्या, एक कॉम्प्रेस्ड चारकोलची कांडी, कणकेसारखा मळता येणारा खोडरबर, जाडसर कार्ट्रिज पेपर, जुने सुती फडके आणि फिक्सेटिव्हचा (चारकोल कागदावर पक्का धरून ठेवणारा) स्प्रे.

शाईकामासाठी: काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, बोरू किंवा टाक आणि एक गोल ब्रश.

लिनोसाठी: वहीच्या अर्ध्या पानाएवढा लिनोचा तुकडा, व्ही आणि यू आकाराच्या पात्यांचा लिनो कटर, रबरी रोलर, तेलमिश्रित काळी छपाईची शाई, जाड काचेचा तुकडा, पातळ हातकागद, ट्रेसिंग पेपर आणि लाकडी किंवा स्टीलचा मोठा चमचा.

छायाचित्रासाठी: हातातला फोन पुरेसा आहे. फिल्मचा कॅमेरा नवव्या पायरीपर्यंत मागू नका.

हातकागद पुण्याच्या शिवाजीनगर भागातल्या हातकागद संस्थेत पाहून, बोटांनी चाचपून घेता येतो. लिनोबाबत एक सावधगिरी बाळगा. फ्लोअरिंगच्या दुकानात लिनोलियम म्हणून जे दाखवतात ते बहुधा व्हिनाइल असते. खरे लिनोलियम जवसाचे तेल, बुचाचा आणि लाकडाचा भुसा एकत्र करून तागाच्या कापडावर थापलेले असते. त्याला उलट्या बाजूने तागाची वीण दिसते आणि कापल्यावर तेलाचा मंद वास येतो. व्हिनाइलवरही कोरता येते, मात्र खोल कापताना त्याच्या कडा ओढल्या जातात.

३. पाच छटांची पट्टी आधी तयार करा

कागदावर पाच चौकोन आखा. पहिला कोरा ठेवा आणि पाचवा कॉम्प्रेस्ड चारकोलने जमेल तितका काळा करा. मग तिसरा असा भरा की तो दोन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर वाटेल. दुसरा आणि चौथा सर्वांत शेवटी भरा. ओळीने भरत गेलात तर तिसऱ्या चौकोनापर्यंतच काळा संपतो आणि शेवटचे दोन चौकोन एकसारखे दिसतात. हे माझे चार वेळा झाले.

ही पट्टी का लागते याचे कारण भौतिक आहे. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा साधारण ९० टक्के भाग परत फेकतो आणि चांगला काळा चार-पाच टक्के. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम वीसपट फरकाची जागा आहे, आणि उन्हातल्या अंगणात हाच फरक शेकडो पटींचा असतो. सगळे उतरवणे शक्यच नसते, तेव्हा काय सोडायचे ते ठरवावे लागते.

पट्टी तयार झाली की एका पोस्टकार्डाला पंच मशीनने दोन भोके पाडा. एका भोकातून गड्ड्याची सावलीतली बाजू आणि दुसऱ्यातून मागच्या कापडाचा उजेडातला भाग पाहा. दिवा कापडाच्या जवळ सरकवला की एक वेळ अशी येते की सावलीतला पांढरा लसूण उजेडातल्या काळ्या कापडापेक्षा गडद दिसतो. डोळ्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण लसूण पांढरा असतो हे मनाने आधीच ठरवलेले असते.

४. चारकोलने दोनदा काढा: एकदा काळा भरून, एकदा पांढरा पुसून

पहिल्या चित्रात नेहमीच्या पद्धतीने जा. विलो चारकोलने हलकी बाह्यरेषा घ्या, डोळे किलकिले करा आणि सर्वांत गडद जागा शोधा. बहुतेक वेळा ती गड्ड्याच्या बुडाशी, टेबलाला तो टेकतो तिथे, एका बारीक फटीत असते. तिथे आत्ताच पूर्ण काळा लावा. एकदा खरा काळा कागदावर बसला की बाकीच्या छटा त्याच्या मानाने आपोआप जागेवर येऊ लागतात.

इथला नेहमीचा सापळा परावर्तित उजेडाचा आहे. खालचा पांढरा कागद गड्ड्याच्या सावलीतल्या बाजूवर थोडा उजेड टाकतो. तो दिसला की नवखा खूश होतो आणि ती जागा दिव्याकडच्या बाजूइतकीच उजळ ठेवतो. मग गड्डा गोल न राहता चपटा होतो. परावर्तित उजेड नेहमी सावलीच्याच कुटुंबातला असतो. पट्टीवरच्या तिसऱ्या छटेपेक्षा तो उजळ होऊ देऊ नका.

दुसऱ्या चित्रासाठी संपूर्ण कागदावर विलो चारकोल आडवा धरून फिरवा आणि फडक्याने एकसारखा राखाडी करा. आता खोडरबराला टोक काढून उजेड पुसून काढा. पाकळीचा फुगवटा, सालीची कड, देठाचे टोक, सगळे राखाडीतून बाहेर ओढायचे. वरवर सोपे दिसणारे हे चित्र लिनोची खरी पूर्वतयारी आहे, कारण इथे हाताला पहिल्यांदा कळते की पांढरा हीसुद्धा करायची गोष्ट आहे.

फिक्सेटिव्ह खिडकी उघडी ठेवून, हातभर अंतरावरून, दोन पातळ थरांत मारा. जवळून मारलेला एकच जाड थर चारकोलचे डाग पाडतो. बोटांनी घासण्याचा मोह आवरा. बोटाचे तेल कागदात उतरते आणि ती जागा पुढे ना पुसता येते, ना तिच्यावर नीट काळा बसतो.

५. एक आठवडा फक्त शाईने काम करा

शाईत राखाडी नसते. ती रेषांच्या दाटीतून निर्माण करावी लागते. गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची शाईची चित्रे या दृष्टीने पाहा. माणसांनी गच्च भरलेल्या बाजारातही डोळा अडखळत नाही, कारण कुठे रेषा दाट, कुठे भरीव काळा आणि कुठे कोरा कागद हे त्यांनी पक्के ठरवलेले असते. तुम्हीही लसणाचा गड्डा फक्त भरीव काळा आणि कोरा कागद या दोनच छटांत काढून पाहा. मधल्या तीन छटांपैकी कोणती काळ्याकडे ढकलायची आणि कोणती पांढऱ्याकडे, हा निर्णय पुढच्या पायरीत सुरीने घ्यायचा आहे. इथे चुकलात तर कागदच वाया जातो.

६. लिनो कोरताना उलटे विचार करा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. मी स्वतः इथेच सर्वाधिक चुका केल्या आणि सर्वांत जास्त आनंदही इथेच मिळाला.

आधी लिनोवर पातळ केलेल्या काळ्या शाईचा हात मारून वाळू द्या. मग कोरलेली प्रत्येक रेषा काळसर पृष्ठभागावर फिकट दिसू लागते, आणि ठसा साधारण कसा येईल ते छापण्याआधीच कळते. दोन छटांतले चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलने उतरवा, तो कागद पालथा घालून लिनोवर ठेवा आणि मागून घासा. पेन्सिलचा शिसा चमकत असल्याने तो काळसर लिनोवरही दिसतो. चित्र लिनोवर उलटे जाते आणि छापल्यावर पुन्हा सुलटे होते. मी पहिल्या शुभेच्छापत्रावर ‘शुभ दीपावली’ थेट सुलटे कोरले आणि वीस प्रती छापून झाल्यावर ती आरशात वाचावी लागली. तेव्हापासून अक्षर असलेला ठसा कोरण्याआधी आरशासमोर धरतो.

कोरताना लिनो धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवा. पाते हातून निसटते ते पुढेच, आणि पुढे तुमचाच अंगठा असेल तर टाके पडतात. टेबलाच्या कडेला अडकणारी एक लाकडी फळी करून घ्या, तिच्या वरच्या पट्टीला लिनो टेकवा म्हणजे तो सरकत नाही. वळणदार रेषा कोरताना कटर स्थिर ठेवून लिनो फिरवा. थंडीच्या दिवसांत लिनो कडक होऊन त्याचे कण उडू लागले तर तो दहा मिनिटे उन्हात ठेवा. मग पाते लोण्यातून गेल्यासारखे जाते. पाते बोथट झाले की लोक जोर वाढवतात, आणि अपघात बहुतेक तेव्हाच होतात. जुन्या चामडी पट्ट्यावर धातूचे पॉलिश लावून पाते दर अर्ध्या तासाने घासा.

आता मूळ प्रश्न असा की पांढरी रेषा कोरायची, की काळी रेषा शिल्लक ठेवायची. नवखा चित्राची बाह्यरेषा काळी ठेवण्यासाठी तिच्या दोन्ही बाजू खणत बसतो, आणि दोन तासांनी हाती येते ते पेननेही काढता आले असते असे चित्र. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेच्या निमित्ताने केलेले गांधीजींचे लिनोकट आठवा. काळ्या पार्श्वभूमीतून काठी घेऊन चालणारी आकृती मोजक्या पांढऱ्या रेषांनी बाहेर येते, आणि न कोरलेला काळा भागच सगळे वजन पेलतो. मुंबईत अंधेरीला राहून काम करणारे चित्तप्रसाद हेही याच माध्यमाचे मोठे नाव. त्यांच्या कामात कष्टकऱ्यांचे हात आणि मुलांचे चेहरे दाट काळ्यातून कोरून काढलेले दिसतात. पहिल्या ठशासाठी तुम्ही ठरवा की गड्ड्यावर फक्त उजेडाच्या रेषा कोरणार, त्याही पाकळीच्या फुगवट्याला धरून, आणि सावलीची सगळी बाजू मागच्या काळ्यात विरघळू देणार. बाह्यरेषा अर्ध्याहून जास्त नाहीशी होते, तरीही पाहणारा लसूण लगेच ओळखतो.

हवे त्यापेक्षा कमी कोरा आणि प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढा. जास्तीचे कोरता येते, कोरलेले भरून काढता येत नाही.

७. छपाईला प्रेस लागत नाही, चमचा लागतो

काचेवर शाईचा चिंचोक्याएवढा गोळा घ्या आणि रोलर उभा-आडवा फिरवत पातळ थर करा. थर बरोबर झाला की रोलर फिरताना मंद चर्र असा आवाज येतो आणि शाईचा पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. चपचप असा मोठा आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, आणि ती बारीक रेषांत भरून तुमचे दोन तासांचे काम बुजवणार आहे. लिनोवर एकाच वेळी पुष्कळ शाई लावण्यापेक्षा चार-पाच पातळ हात द्या.

कागद अलगद टेकवा आणि पालथ्या चमच्याने मधून कडेकडे, लहान लहान गोल फिरवत दाबा. एक कोपरा उचलून आत पाहा. फिके दिसले तर कागद न सरकवता पुन्हा घासा. तेलमिश्रित शाई वाळायला एरवी तीन-चार दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडाही लागतो, त्यामुळे प्रती एकमेकींवर न रचता दोरीला चिमट्यांनी लावा.

काच आणि रोलर आधी थोड्या खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुवा, घरात रॉकेलचा वास नको. तेलाने माखलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची शाई वाळताना उष्णता निर्माण करते आणि फडक्यांचा दाबलेला गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती बाहेर पसरून वाळवा आणि नंतरच टाका.

चांगल्या प्रतींवर खाली डावीकडे पेन्सिलने ३/१२ असे लिहा, म्हणजे बारापैकी तिसरी, आणि उजवीकडे सही करा.

८. फोनच्या कॅमेऱ्याने तोच गड्डा टिपा

फोनमध्ये मोनोक्रोम मोड लावा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) ठेवण्याची सोय असेल तर तीही चालू करा, म्हणजे पडद्यावर कृष्णधवल दिसते आणि फाइलमध्ये रंगांची माहिती शिल्लक राहते.

कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर समोरचे दृश्य सरासरी राखाडी आहे असे धरून चालते. पांढऱ्या ताटात पांढरा लसूण ठेवला तर तो मळकट राखाडी करते आणि काळ्या तव्यावर ठेवला तर तवा धुरकट करून लसूण पार जाळून टाकते. गोठ्यातल्या म्हशीचा फोटो राखाडी म्हशीचा येतो तो याच कारणाने. म्हणून पांढरे ताट असेल तर एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि तवा किंवा म्हैस असेल तर तेवढेच कमी करा. फोनवर पडद्याला बोट लावून सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवले की हेच होते. तिसऱ्या पायरीतली पाच छटांची पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. पाचही चौकोन वेगवेगळे दिसले तर एक्स्पोजर बरोबर आहे.

दुसरा धडा रंगांचा आहे. लाल टोमॅटो आणि हिरवी मिरची डोळ्यांना पूर्ण वेगळी दिसतात, पण कृष्णधवलमध्ये कधी कधी दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. रंगांचे राखाडी करताना प्रचलित सूत्रात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन दिलेले असते. संपादनाच्या ॲपमध्ये हे प्रमाण बदलता येते. लाल वाढवला की टोमॅटो उजळतो, आकाश गडद होते आणि ढग उठून दिसतात. फिल्मवर हेच काम भिंगासमोर लाल किंवा पिवळा फिल्टर लावून होते.

लसणाचा कंटाळा आला की घारापुरीच्या लेण्यांत जा. तिथला दगड काळसर बेसॉल्ट आहे, उजेड फक्त बाजूच्या मोकळ्या जागांतून आत शिरतो आणि त्रिमूर्तीच्या तीन मुखांवर तो वेगवेगळ्या प्रमाणात पोहोचतो. लेणी सोमवारी बंद असतात, आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. ओळखपत्राची प्रत आणि परवानगीचा कागद सोबत ठेवा, नाहीतर बोटीने तासभर येऊन ट्रायपॉड दारातच ठेवावा लागेल.

९. हौस टिकली असेल तरच फिल्मकडे वळा

एक रोल म्हणजे ३६ फोटो, आणि तो खर्चिक असतो. इलफर्ड एचपी ५ प्लस ही ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) फिल्म नवख्याच्या चुका बऱ्यापैकी पोटात घालते. धुलाईसाठी लाइटप्रूफ टँक, चेंजिंग बॅग (आत हात घालून अंधारात फिल्म हाताळायची पिशवी), प्रतिमा उमटवणारा डी-७६ डेव्हलपर, ती पक्की करणारा फिक्सर आणि थर्मामीटर लागतो. टँकमधल्या रिळावर फिल्म अंधारात चढवण्याचा सराव एका वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून करा.

डी-७६ समभाग पाण्यात मिसळून २० अंश सेल्सिअसला ११ मिनिटे, दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटसुलट करणे, मग साधे पाणी, मग फिक्सर आणि शेवटी भरपूर पाण्याने धुणे, असा क्रम आहे. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या आसपास असते. बाटल्या बर्फाच्या टबात उभ्या करून तापमान उतरवा, बर्फ थेट द्रावणात टाकू नका.

माझे दोन रोल गेले. पहिला एका लॅबला दिला. त्यांनी तो रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेतून काढला, आणि त्यातल्या ब्लीचने कृष्णधवल फिल्मवरची चांदीची प्रतिमा धुऊन नेली. देताना ‘साधी कृष्णधवल प्रक्रिया’ असे पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवे होते. दुसरा रोल मी घरी धुतला आणि सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांतली फिक्सरची आधी ओतली. फिल्म काचेसारखी स्वच्छ निघाली. फिल्मच्या कडेला कारखान्यातच टिपलेले आकडेही नव्हते, आणि तेच निदानाचे गमक आहे. कडेचे आकडे उमटलेले असून फोटो नसतील तर दोष कॅमेऱ्यात किंवा रोल चढवण्यात आहे. आकडेही नसतील तर दोष धुलाईत आहे. आता माझ्या डेव्हलपरच्या बाटलीला लाल रबरबँड असतो, अंधारात चाचपून कळावा म्हणून.

१०. काम जपून ठेवा

चारकोलच्या चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि ती आडवी ठेवा. लिनोचे तुकडे सपाट ठेवा, गुंडाळले तर भेगा पडतात. निगेटिव्ह पारदर्शक पाकिटांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असू द्या, कारण कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी येते. प्रत्येक कामाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि दिवा कोणत्या बाजूला होता ते लिहा.

लसणाचा गड्डा मात्र फार दिवस ठेवता येत नाही. माझ्या पहिल्या गड्ड्याला तिसऱ्या आठवड्यात हिरवा कोंब फुटला आणि अर्धवट कोरलेल्या लिनोशी त्याचा आकार जुळेना. तो मी फोडणीत घातला, नवा गड्डा आणला आणि दिवा पुन्हा डावीकडे लावला.